घरघर

शर्ट घ्यायला कपाटाकडे जाताना त्याने सवयीने टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या मशीनवर हात टेकला, आणि हात तिथेच राहिला. पत्रा कोमट होता. ताप उतरल्यावर तासाभराने कपाळ लागतं, तितकाच. ऊन म्हणावं तर या मागच्या खोलीत ऊन येतं दुपारी तीनला, आणि आता पावणेसात झाले होते. शेजारी दुसरं मशीन आतडी बाहेर काढून उघडंच पडलं होतं. त्याला हात लावून पाहिला. ते गार होतं. पुन्हा पहिल्यावर हात. कोमट. भिंतीकडच्या पट्टीचा खटका बंद होता, मशीनच्या कडेचा मोठा लाल खटकाही बंद. काल संध्याकाळी सातला आपणच बंद केलं, असं तो मनात म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की बंद केल्याचं आपल्याला आठवत नाही. आठवत होतं ते रोजचं बंद करणं. त्यातून कालचं वेगळं काढून दाखव म्हटलं तर दाखवता येईना. न्हाणीघरात सासूबाईंची बादली भरत होती. शर्ट घेऊन तो बाहेर आला आणि बटणं लावताना एक काज चुकला.

भीती कुठून येते हे माणसाला बहुतेक वेळा ठाऊक असतं. त्याच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. कुठल्या खणात कुठली बाटली, कुठल्या डॉक्टरचं अक्षर कसं लागतं, सगळं त्यांना पाठ. अशा माणसाने एकदा इस्त्री चालू ठेवली. शर्टाची बाही जळाल्याचा वास जिन्यापर्यंत आला, आणि वडील म्हणाले, मी बंद केली होती. त्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. आपल्याबद्दलची बातमी दुसऱ्याकडून ऐकावी तसा होता. इस्त्रीनंतर नळ झाला, नळानंतर गॅस, गॅसनंतर दुकानाचं कुलूप. आणि एका सकाळी त्यांनी पोटच्या मुलाला अगदी अदबीनं विचारलं, काय हवंय आपल्याला, चिठ्ठी आणलीय का? तेव्हा वडील एकसष्ट वर्षांचे होते. तो आता एकोणपन्नासचा होता. वजाबाकी त्याने केली नाही, ती आपोआप झाली, आणि दिवसभर बारा हा आकडा त्याच्या बरोबर फिरत राहिला.

वजनमापाच्या खात्यात तो तपासनीस होता. दुकानादुकानांतून जाऊन काटे तपासायचे, ठीक असले तर शिक्का मारायचा, नसले तर दुकानदाराचं स्पष्टीकरण ऐकून घ्यायचं. त्याच्या पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये प्रमाण वजनं असत आणि ती तो चिमट्यानेच उचले, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. दिवसभर लोकांच्या काट्यांमधली खोट काढून घरी आल्यावर ज्यात कुणाचं काही चुकलेलं नाही असं काहीतरी हाताळावंसं वाटायचं. जुन्या मशीनांचं वेड त्यातूनच आलं असावं. खरं तर त्याच्याही आधी. एकोणिसाव्या वर्षी तो कॉम्प्युटरच्या क्लासला गेला होता. विद्यार्थी सहा आणि मशीन एक. दर तासाला दहा मिनिटं खुर्चीत बसायचं आणि उरलेली पन्नास मिनिटं दुसऱ्याच्या खांद्यामागे उभं राहायचं. पडदा दिसायचा नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. आधी पंखा, मग डिस्क वेग घेताना चढत जाणारा सूर, मग ती कुरकुर, कुणी पत्र्याच्या डब्यात मूठभर वाटाणे हलवावेत तशी. त्या पन्नास मिनिटांत तो जितकं शिकला तितकं दहा मिनिटांत शिकला नाही. पुढे नोकरी, लग्न, घर. आणि पाच वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला एका बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचं सामान ठेवलेलं दिसलं, त्यात हे मशीन होतं. उचलून आणताना बायको म्हणाली होती, माणसं रस्त्यावरून कुत्र्याची पिल्लं आणतात.

आत उंदराने घर केलं होतं. बॅटरी गळून मुख्य पाटीवर हिरवट मीठ फुटलं होतं. ते त्याने कापसाच्या बोळ्याने, व्हिनेगरने, दाताच्या ब्रशने, महिनाभर रोज थोडं थोडं साफ केलं. खाल्लेल्या दोन रेघांवर केसाएवढी तार डाग देऊन जोडली. पहिल्यांदा बीप वाजली तेव्हा तो चहाचा कप हातात धरून उभा होता आणि पुढे चहा प्यायचंच राहिलं. मग एका मेलेल्या मशीनची मेमरी काढून याला घातली, एका एमबीची चार झाली. पडद्यावर तो आकडा मोजला जाताना पाहणं हे त्याचं रविवारचं सुख होतं. त्या मशीनवर करायचं काय, असं लोक विचारत. काही नाही. ते चालू होतं, हेच.

चार महिन्यांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई इकडे आल्या. त्यांना द्यायला मागची खोलीच होती. बायकोने तसं सांगितलं तेव्हा त्याला आधी आपलं टेबल आठवलं, आणि ते आठवलं म्हणून लाजही वाटली. त्याने खोकी आणली, तारा गुंडाळल्या, हत्यारं डब्यांत भरली. सासूबाई दोन पिशव्या घेऊन आल्या, दारात उभं राहून त्यांनी रिकामं होत चाललेलं टेबल पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कुठे चाललं?"

"माळ्यावर टाकतो, आई. तुम्हाला अडचण नको."

"मला काय लागतं, एक पलंग. राहू द्या तुमचं टेबल. रिकाम्या भिंतीकडे बघत बसू का मी?"

तेव्हापासून खोली त्यांची आणि टेबल त्याचं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तो अर्धा तास काम करी. त्या वेळी सासूबाई पुढच्या खोलीत जाऊन बसत. आपल्याच खोलीच्या दारावर टकटक करून आत जायची सवय त्याने लावून घेतली. त्या त्याला नावाने हाक मारत नसत, जावई म्हणूनही नाही. नुसतं "ऐकलं का" म्हणत, आणि ते कुणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळे. विजेच्या वस्तूंना त्या भीत. मिक्सर लावायचा तर आधी हात कोरडे पुसत आणि मग लेकीला बोलावत. फोनचा चार्जर रुमालाने धरत. त्यामुळे कोमट पत्र्याचा विचार करताना त्यांचा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. अशा वेळी माणूस घरातल्या माणसांना काही विचारत नाही, आधी आपल्या भीतीला विचारतो, आणि भीतीला एकच उत्तर येत असतं.

दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा कोमट होतं. तिसऱ्या दिवशीही. मग त्याने तपासनीसाला शोभेल असं केलं. संध्याकाळी बंद करताना मोठ्यांदा म्हणायचं, "बंद केलं. सात वाजून दहा मिनिटं." म्हटलेलं लक्षात राहतं. शिवाय चिठ्ठीवर लिहून ती शर्टाच्या खिशात ठेवायची. सकाळी चिठ्ठी सांगे की बंद केलं, आणि पत्रा सांगे की नाही. ऑफिसातला छोटा थर्मामीटर आणून त्याने खोली मोजली, पत्रा मोजला. नऊ अंशांचा फरक. म्हणजे आपण बंद करतो, तसं लिहितो, आणि नंतर पुन्हा येऊन चालू करतो, आणि ते विसरतो. वडिलांचं निदान इतकं अवघड नव्हतं. रस्त्याने चालताना तो तेराचा पाढा म्हणून पाहू लागला. तेरा सत्ते एक्याण्णव बरोबर आलं की पुढच्या चौकापर्यंत बरं वाटे. बायको नर्स होती; तिला सांगितलं तर ती त्याच दिवशी कुणाला तरी दाखवील, आणि दाखवलं की ते खरं होईल. एकदा जेवताना तिने विचारलं, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस?" तो म्हणाला, "हिशेब." सासूबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात घातली.

या सगळ्यात एक काम आधीपासून ठरलेलं होतं. मशीनची डिस्क तीस वर्षांची, ती केव्हाही मान टाकणार. तिच्या जागी पोस्टाच्या तिकिटाएवढं मेमरी कार्ड बसवायचं, आणि मागचा खडखडणारा पंखा काढून नवा, निःशब्द पंखा लावायचा. हे त्याने सासूबाईंसाठीच ठरवलं होतं. त्यांच्या खोलीत आपण रोज संध्याकाळी अर्धा तास गिरणी चालवतो, हे त्याला खटकत होतं. शिवाय आता वाटलं, आपल्या हातून ते रात्रभर चालू राहणारच असेल तर डिस्क तरी वाचेल. रविवारी सकाळी त्याने चार स्क्रू काढले. नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत न जाता सासूबाई त्या दिवशी पलंगावर बसून राहिल्या. डिस्क निघाली, विटेएवढी जड. ती त्याने पिशवीत गुंडाळून खणात ठेवली. कार्डाची पट्टी बसवली, पंखा बदलला, लाल खटका दाबला. बीप झाली, पडद्यावर आकडे धावले, आणि बाकी काही नाही. गल्लीतली एक सायकल जाताना ऐकू आली.

"चालू झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं की. बघा, आवाज आहे का काही?"

"मघाचा भाग काढलात, त्याचा आवाज होता तो?"

"त्याचा आणि पंख्याचा. आता सुई पडली तरी ऐकू येईल." त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता आणि तो लपत नव्हता. "तुमच्यासाठीच केलं म्हणा ना."

सासूबाईंनी मशीनकडे एकदा पाहिलं. "बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि उठून बाहेर गेल्या.

सोमवारी सकाळी मशीन गार होतं. मंगळवारी गार. बुधवारी त्याने थर्मामीटर लावला. खोली आणि पत्रा एकाच अंशावर. म्हणजे विसर नव्हताच. जुन्या पंख्यात किंवा वायरिंगमध्ये कुठेतरी वीज झिरपत असावी आणि ती आता थांबली असावी. असं काही झिरपत नसतं हे त्याला माहीत होतं. पण माणूस आनंदात असला की वायरिंगबद्दल फार खोलात जात नाही. त्या आठवड्यात त्याने एका किराणावाल्याचा किंचित हलका काटा स्वतः बसून नीट करून दिला, दंडाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी येताना शीळ घालत जिना चढला. बायको म्हणाली, "काय, बढती मिळाली की काय?" बारा हा आकडा कुठेतरी गळून पडला होता. कढईच्या वाफेने चष्मा धुरकटावा आणि पुसावा, तसं सगळं स्वच्छ दिसत होतं: जिन्याचा झिजलेला कठडा, बायकोच्या कपाळावर ड्यूटीच्या टोपीने पडलेली रेघ, खिडकीत वाळणारे मोजे. त्याला वाटलं, आपण सुखी आहोत हे आपल्याला मधून मधून कळवलं जायला हवं, नाहीतर कुठे लक्षात राहतं.

आणि त्याच आठवड्यात सासूबाई सुकू लागल्या. आधी त्याच्या लक्षात आलं नाही, बायकोच्या आलं. आमटीत मीठ दोनदा पडलं. सकाळी अकरा वाजता पेपर हातात धरूनच त्या डुलक्या काढू लागल्या, कुणी आलं की दचकून उठू लागल्या. डोळ्यांखाली काळं आलं. बायकोने रक्तदाब पाहिला, नाडी पाहिली, जिभेखाली थर्मामीटर ठेवला. सगळं जिथल्या तिथे. "झोप लागत नाही का, आई?" "लागते की." पुढच्या सोमवारी सकाळी बायको ड्यूटीवरून येऊन चहा करत होती तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "मी जाईन म्हणते घरी."

"कुठल्या घरी?"

"माझ्या. कुलूप लावून किती दिवस ठेवायचं? धूळ बसली असेल."

"एकटी राहणार? तिसऱ्या मजल्यावर? दादा दोन हजार मैलांवर, मी इथे. पडलीबिडलीस तर कुणाला कळणार आहे?"

"पडायला मी काय लहान आहे?"

बायको कप विसळायला वळली. ती दुसऱ्यांच्या आयांना दिवसभर उचलते, बसवते, कूस बदलून देते. तिच्या पाठीकडे पाहून त्याला कळलं की ती रडत नाही आहे पण कप विसळायचं थांबवतही नाही आहे. नंतर ती त्याला म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार. बोलले असेन काही." तो म्हणाला, "तू काही बोलली नाहीस." पण मनात त्याला वाटलं, आपलं टेबल. चार महिने परक्याची हत्यारं उशाशी घेऊन कुणाला झोप लागेल? राहू द्या म्हणणं ही सासूची रीत झाली. ते खरं मानणं हा जावयाचा मूर्खपणा. त्याने ठरवलं, रविवारी सगळं माळ्यावर. सुटकेसारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मशीन किती शांतपणे चालत होतं, आणि आता ते चालणारच नव्हतं.

बुधवारी खात्याची गाडी बाजाराच्या तोंडाशी बंद पडली आणि तपासणी रद्द झाली. तो साडेबाराला घरी आला. किल्लीने दार उघडलं. बायको ड्यूटीवर होती. मागे मोरीजवळ कपड्यांचं मशीन चालू होतं. त्याचा गरगर आवाज घरभर होता. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या खोलीतही नव्हतं. मोरीशी गेला तर सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, डोकं भिंतीला, खांदा मशीनच्या कडेला टेकलेला, तोंड किंचित उघडं. त्याला एक क्षण भलतंच वाटलं. मग दिसलं की छाती वरखाली होते आहे. मशीनच्या हादऱ्याने त्यांचा खांदा हलत होता, कानातली कुडी हलत होती, आणि त्या गाढ झोपल्या होत्या. आठ दिवसांत त्यांचा चेहरा असा सैल त्याने पाहिला नव्हता. पिशवी हातात तशीच धरून तो उभा राहिला. पाचेक मिनिटं गेली असतील. मशीनने शेवटचे वेढे घेतले, वेग उतरत गेला, खट्‌ असा आवाज होऊन थांबलं. त्या क्षणी सासूबाईंनी डोळे उघडले. हळूहळू नाही, एकदम, आणि उजवा हात शेजारी कुणाला तरी चाचपायला गेला. हात मशीनच्या पत्र्यावर आपटला. मग त्यांना तो दिसला.

"तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच. आई, तुम्ही इथे का झोपता?"

"डोळा लागला जरा." त्यांनी पदर सारखा केला. उठू लागल्या आणि पुन्हा बसल्या. तो खाली जमिनीवरच बसला, बादली बाजूला सरकवून. असं त्यांच्यासमोर तो कधी बसला नव्हता.

"आठ दिवस तुम्हाला झोप नाही," तो म्हणाला. "माझं टेबल रविवारी हलवतो मी. घरी नका जाऊ. तिला फार लागलंय."

"टेबलाचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी नजर ओल्या फरशीकडे वळवली. "मीच लावत होते ते रात्री, तुम्ही दोघं झोपलात की. तुमचं मशीन."

त्याला आधी कळलंच नाही.

"रोज बघत होते ना दारातून. आधी भिंतीचं बटण, मग ते लाल. मग ते ओरडतं एकदा, त्याला घाबरायचं नाही. पडद्याला हात लावला नाही हां मी. सकाळी उठले की बंद करत होते, उलट क्रमाने. हात पुसून." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळलं होतं ते. रोज मोठ्यांदा म्हणायचात, बंद केलं, सात वाजून दहा मिनिटं. मी म्हटलं, मला ऐकवताहेत. बरोबरच आहे, विचारायला हवं होतं मी. तोंडच होईना. मग तुम्ही तो भाग काढून टाकलात. म्हटलं, सभ्य माणूस आहे, बोलून दाखवत नाही."

"तुम्हाला ऐकवत नव्हतो, आई," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मला विसर पडायला लागलाय. वडिलांसारखा."

सासूबाईंच्या तोंडावर काहीतरी उमटलं आणि त्या तोंडावर हात धरून हसू लागल्या. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "म्हणून ते पुटपुटणं होय. मला वाटलं जप करताय." तोही हसला.

"पण का लावत होता?"

त्या पुन्हा फरशीकडे पाहू लागल्या. "ह्यांचं ते ऑक्सिजनचं मशीन होतं ना. दोन वर्षं उशाशी. पहिल्यांदा वाटायचं, ह्यानं झोप कशी लागेल. मग त्यानंच लागायची. चालू आहे तोवर ठीक आहे. बंद झालं की पहिली मी उठायची. लाईट गेली असेल, नळी निघाली असेल. कितीही झोपेत असले तरी आवाज थांबला की उठलेच. आता इथे सगळं शांत. पाठ टेकली की वाटतं, काहीतरी थांबलंय, ऊठ. रात्रभर उठते. उठून काय करायचं ते मात्र नसतं." त्यांनी पदर पुन्हा सारखा केला. "ते गेले त्या रात्री मशीन चालूच होतं. म्हणून मला कळलं नाही. सकाळी शेजारच्या मुलानं येऊन बंद केलं."

बोलायला काहीतरी हवं होतं, पण जे जे सुचत होतं ते त्याला हलकं वाटत होतं, शिक्का मारण्यासारखं नव्हतं. तो उठला, हात पुसले आणि मागच्या खोलीत गेला. खणातून डिस्क आणि जुना पंखा काढला, पिशवी सोडली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "बॅटरी धरता का जरा? इथे आत उजेड पाडा," तो म्हणाला. त्यांनी हात पदराला पुसले आणि बॅटरी धरली. उजेड जिथे हवा तिथे पडत होता. निःशब्द पंखा काढला, खडखडणारा लावला. कार्डाची पट्टी काढली, डिस्क बसवली, चार स्क्रू. इतक्या मेहनतीने केलेलं काम इतक्या आनंदाने उलटं करता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. लाल खटका त्याने त्यांनाच दाबायला सांगितला. पंखा घरघरला. डिस्कने आधी आळस दिला, मग सूर धरला, चढत चढत वर गेला आणि तिथे स्थिर झाला. मग ते वाटाणे हलले. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "जरा पडते," म्हणाल्या, आणि त्याने तारा गोळा करेपर्यंत त्यांचा श्वास लांब झाला होता. तो चवड्यांवर बाहेर आला. चारला बायको आली तेव्हा त्याने तोंडावर बोट ठेवलं. मागच्या खोलीतून गिरणीसारखा आवाज येत होता. "हळू बोल," तो कुजबुजला, "आई झोपल्यात." बायको त्याच्याकडे अशी पाहत राहिली की त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. इस्त्रीपासून सांगितलं. तेराचा पाढा ऐकून ती हसली नाही. तिने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळी तो टेबलाशी बसला की सासूबाई आता पुढच्या खोलीत जात नसत. त्यांची नजर अजून तीक्ष्ण होती. सुटून टेबलाखाली गेलेला स्क्रू त्यांनाच आधी दिसे. दुसऱ्या, आतडी काढलेल्या मशीनच्या पाटीवरचं हिरवं मीठ त्यांनी ब्रशने साफ केलं, देव घासावेत तसं, आणि त्याला सांगितलं की व्हिनेगर जास्त झालं की डाग पडतो, पाणी घाला थोडं. त्याने पाच वर्षांत पाणी घातलं नव्हतं. संध्याकाळचं काम आता सगळं त्या दुसऱ्या मशीनवरच चाले; पहिलं लावणं त्याने सासूबाईंच्या रात्रींवर सोडलं होतं. कधी त्या सासऱ्यांबद्दल बोलत. ते किती हट्टी होते, नळी नाकात असताना सिगारेट मागायचे. कधी काहीच बोलत नसत. त्या दिवसांत फार काही घडलं नाही आणि घडावं असं त्याला वाटतही नव्हतं. सकाळी शर्ट काढताना तो मशीनला हात लावायचं विसरू लागला, आणि हा विसर त्याला आवडला.

मग थंडी पडू लागली तेव्हाचा एक रविवार. चहा झाल्यावर त्याने लाल खटका दाबला. पंखा फिरला, बीप झाली, पण डिस्कने सूर धरला नाही. आत टक्‌ झालं, पुन्हा टक्‌, आणि बस. त्याने बंद करून कान लावला. डिस्क काढून हातात घेतली, मनगटाचा हिसका देऊन पाहिला, पुन्हा जोडली. या वेळी पाटीवर खडू करकरावा तसा आवाज आला आणि तोही थांबला. ज्या गोष्टीची पाच वर्षं धास्ती होती ती घडली होती, आणि त्याच्या मनात डिस्क नव्हतीच. सासूबाईंना काय सांगायचं हेच होतं. त्या पलंगावर बसून पाहत होत्या.

"काय झालं?"

"अडकली. जुन्या डिस्क चालत्या असल्या की चालतात. फार दिवस नुसत्या पडून राहिल्या की आतल्या आत चिकटतात." मग तो थांबला. "पण ही रात्री चालू होती ना? काल?"

सासूबाई पलंगावरची चादर सारखी करू लागल्या.

"आई?"

"दीड महिना झाला, लावत नाही मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही एवढं सगळं परत जोडून दिलंत, वाईट दिसेल म्हटलं. माझ्यामुळे बिघडली का?"

"नाही. तिचं वय झालं होतं." तो त्यांच्याकडे पाहत राहिला. "मग झोप?"

"लागते की."

"शांततेत?"

"शांतता कसली." सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. सांगावं की नाही अशा विचारात त्या दिसल्या. "ही भिंत पातळ आहे. दीड महिन्यापूर्वी तुमचा पलंग हलवलात, तेव्हापासून तुमचं डोकं पलीकडे याच बाजूला येतं. घोरता तुम्ही."

त्याचे कान गरम झाले. बायकोने बावीस वर्षांत त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. ती दारात येऊन उभी होती, हातात घडी घालायचे कपडे. "सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी कानात बोळे घालते. पण आई, त्याला तसं सोडून चालत नाही. श्वास अडकत असेल तर तपासायला हवं. आमच्याकडचे डॉक्टर बघतील, या आठवड्यात घेऊन जाते."

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "इतकं नीट चाललंय. उघडायचं कशाला?"

बायको तपासायला नेणारच होती, नेलंही. पण त्या क्षणी ती कपडे छातीशी धरून भिंतीला टेकली आणि इतकी हसली की एक मोजा खाली पडला. सासूबाईंनी तो वाकून उचलला, झटकला, जोडी शोधून घडी घातली. त्याने अडकलेली डिस्क टेबलावर ठेवली आणि कार्डाची पट्टी शोधायला खण उघडला.